मरीन ड्राइव्हचा फोटो धुरकट येतोय? या चुका टाळा

नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीएजवळच्या कठड्यावरून मलबार हिलकडे कॅमेरा धरला की डोळ्यांना सगळं लख्ख दिसतं. घरी येऊन फोटो उघडावा, तर इमारती राखाडी आणि कडा विरघळलेल्या. मग एडिटिंगमध्ये शार्पनिंगचा, म्हणजे कडा धारदार करणारा स्लायडर शेवटपर्यंत ओढला जातो आणि फोटो आणखी बिघडतो. म्हणून स्लायडरला हात लावायच्या आधी दोष नक्की कुठला, ते ओळखा.

वाइड लेन्सने काढलेला फोटो शंभर टक्के मोठा करून कठड्याखालचे टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे काँक्रीटचे चौपायी ठोकळे बघा. ते खणखणीत आणि पलीकडच्या इमारती तेवढ्या मऊ असतील, तर दोष हवेचा किंवा फोकसचा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हललाय. दिव्यांभोवती दुधी वलय आलं असेल, तर लेन्सची काच बघा.

हवेचा दोष सगळ्यात मोठा, आणि नेमकं त्याकडेच कुणी लक्ष देत नाही. तुमच्या आणि मलबार हिलच्या मध्ये दोन-तीन किलोमीटर दमट, खारी, धुळीची हवा आहे. डिसेंबर-जानेवारीत समुद्रावरून येणारा वारा उशिरा सुटतो, धूर शहरावरच साचून राहतो. त्या दिवसांत कितीही महागडी लेन्स लावा, फोटो फिकाच येणार. पावसाळ्यात मोठी सर येऊन गेल्यानंतरचा तासभर मात्र सोन्यासारखा! हवा धुतलेली असते, मलबार हिलवरची झाडं वेगवेगळी ओळखू येतात. मी तर पावसाळ्यात बॅग भरूनच ठेवतो. आणि भर दुपारी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लावू नका. तापलेल्या हवेत इमारतींच्या कडा थरथरतात, आणि ती थरथर कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही.

उजेड कुठून येतोय तेही बघा. सूर्य समोर असला की धुरकं उजळतं आणि कॉन्ट्रास्ट संपतो. वांद्र्याच्या किल्ल्यावरून दक्षिणेला सी लिंक आणि वरळीचे टॉवर टिपायचे, तर सूर्यास्ताआधीचा तास घ्या. ऊन उजवीकडून येतं, इमारतीची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते. लेन्सवर तिरकं ऊन पडू न देणारा लेन्स हूड लावलेलाच असू दे.

आता लेन्सची काच. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पुढची काच बघा. समुद्राजवळ अर्धा तास उभं राहिल्यावर तिच्यावर खाऱ्या तुषारांचा बारीक थर दिसेल. तो शर्टाच्या टोकाने पुसायचा नाही, मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअर, मग कापडावर क्लीनिंग लिक्विडचा थेंब. रात्री स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवा, त्याच्यामुळे फोटोत दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं उमटतात. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरतं. वीस-पंचवीस मिनिटं तो बंद बॅगेतच राहू द्या.

‘सगळं शार्प हवं’ म्हणून एफ/२२ लावणं, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करणं, ही तर हमखास होणारी चूक. छिद्र इतकं लहान झालं की प्रकाश पसरतो आणि फोटो उलट मऊ होतो. पलीकडच्या शहरासाठी एफ/८ भरपूर झालं. ट्रायपॉडवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर आणि हातातला हादरा सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद. वारा असेल तर ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका.

अंधारात ऑटोफोकस पाण्यावर भटकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, दहापट झूम करून उजेड असलेल्या एखाद्या खिडकीची चौकट पकडा, तिची उभी रेघ सगळ्यात बारीक दिसेपर्यंत फोकसची रिंग फिरवा आणि मग हात लावू नका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, अनेक लेन्स तिच्याही पुढे फिरतात. हे सगळं सूर्यास्ताआधीच उरकून तयार राहा. मुंबईत संधिप्रकाश लवकर सरतो, आकाशाची निळाई आणि इमारतींचे दिवे जेमतेम पंधरा-वीस मिनिटं तोलात असतात.

एवढं नीट झालं की एडिटिंगला थोडंच काम उरतं. डीहेझ, म्हणजे धुरकं कमी करणारा स्लायडर, अख्ख्या फोटोवर पन्नास-साठपर्यंत नेला की आकाश काळपट होतं आणि इमारतींभोवती पांढरी किनार येते. त्याऐवजी इमारतींच्या पट्ट्यापुरता मास्क करा, म्हणजे तेवढाच भाग निवडा, डीहेझ पंधरा-वीस ठेवा आणि ब्लॅक्स (सगळ्यात गडद छटा) थोडे खाली आणा. आकाश आणि पाणी शार्पनिंगमधून वगळा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट दाबून शार्पनिंगमधला मास्किंगचा स्लायडर सरकवला की नेमक्या कुठल्या कडांवर परिणाम होतोय ते पांढऱ्यात दिसतं. शेवटचं शार्पनिंग फोटो लहान केल्यानंतर करा. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर खिडक्यांच्या ज्या रेघांसाठी एवढा खटाटोप केला त्या कॉम्प्रेशनमध्येच पुसल्या जातात.