हळदीचे दर, कृष्णेची पातळी आणि आर : डेव्हलपरनी या चुका टाळा

जावा किंवा पायथॉनमधून आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेकडे येत असाल तर आधी एक सवय सोडा : काही चुकलं तर एरर येईलच, हा भरवसा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचे दर मी आरमध्ये घेतले, तेव्हा क्विंटलचे हजारांतले दर ३७, ५२, ११ असे दिसायला लागले. प्रोग्राम कुठेच अडला नव्हता. दराच्या रकान्यात एका ओळीत 'सौदा बंद' लिहिलेलं होतं. तेवढ्याने अख्खा रकाना मजकूर ठरला आणि आरच्या जुन्या आवृत्तीने त्याचा फॅक्टर केला, म्हणजे प्रत्येक वेगळ्या मजकुराला आतून एक क्रमांक दिला. फॅक्टरला थेट संख्येत बदलणारं अ‍ॅज-न्यूमेरिक लावलं की दर मिळत नाही, त्याचा आतला क्रमांक मिळतो. आधी अ‍ॅज-कॅरेक्टर लावून त्याचा मजकूर करा, मग अ‍ॅज-न्यूमेरिक. २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून फाइल वाचणारं रीड-सीएसव्ही आपणहून फॅक्टर करत नाही, पण जुन्या स्क्रिप्ट अजून चालू आहेतच. फाइल वाचली की लगेच एसटीआर लावून रकान्यांचे प्रकार बघा.

बाजाराला सुट्टी असली की यादी रिकामी येते. तिथे '१ ते लेंग्थ' (यादीची लांबी, इथे ०) असा लूप लिहिला तर तो दोनदा फिरतो : एकदा १ साठी, एकदा ० साठी. रिकाम्या यादीवर एकदाही न फिरणारं सेक-अलाँग वापरा.

एनए, म्हणजे गहाळ नोंदीची खूण, मात्र मला आरची खरी ताकद वाटते. नोंद नाही म्हणजे शून्य नाही, हे ही भाषा मुळातच जाणते. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी ती घडवली, त्याचा हा फायदा. पण सरासरी एनए आली की वैतागून सगळीकडे गहाळ नोंदी वगळणारा एनए-आरएम लावू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. अशा वेळच्याच नोंदी गहाळ असल्या, तर उरलेल्यांची सरासरी नदी शांत होती असं सांगेल. आधी कोणत्या तासांच्या नोंदी नाहीत ते पाहा.

वेग कमी वाटतो तेव्हा बहुधा लूपमध्ये व्हेक्टर (मूल्यांची यादी) एकेक घराने वाढवलेला असतो. त्यात पुन्हा पुन्हा नवी प्रत बनते. जागा आधीच राखा, किंवा पूर्ण रकान्यावर एकदम क्रिया करा. डेटा मेमरीत मावायला हवा, ही मर्यादा मात्र खरी आहे.

माझ्याकडे आता दर गोळा करणं आणि वेबसाइट पायथॉनकडे आहे, मॉडेल आणि आलेख आरकडे. दोघांच्या मध्ये एक सीएसव्ही फाइल.