किडनीच्या रुग्णाची पोटरी घरी कशी मोजावी

किडनीच्या जुन्या आजारात वजनकाटा फसवतो. अंगात पाणी साठतं, वजन तेवढंच दिसतं आणि आतून स्नायू झडत जातात. भूक मेलेली असते, रक्तात आम्ल वाढलेलं असतं, डायलिसिस चालू असेल तर त्यातूनही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, निघून जातात. स्नायू कमी झालेले रुग्ण जास्त पडतात, जास्त वेळा दवाखान्यात भरती होतात, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळतं. म्हणून महिन्यातून एकदा टेप हातात घ्याच.

आधी सूज बघा. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खड्डा उमटला तर त्या दिवशीचं माप धरू नका. डायलिसिसवाल्यांनी डायलिसिस झाल्यानंतरच मोजावं.

खुर्चीत बसा, पावलं जमिनीवर सपाट, गुडघे काटकोनात. शिंप्याकडे असतो तसला टेप वर-खाली सरकवत पोटरीचा सगळ्यात जाड भाग शोधा. टेप कातडीला टेकावा, रुतू नये. दोन्ही पाय मोजून मोठा आकडा वहीत तारखेसह लिहा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी माप ही धोक्याची खूण आहे. मूळचीच बारीक चण असेल तर एका आकड्याने घाबरू नका. दर महिन्याला घट होते का, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग ताकद. हाताची घडी छातीवर, आणि खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तेही लिहा. जवळ कुणीतरी उभं असू द्या. निपाणीकडे दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायकांनी हे जरूर करावं, कारण बैठ्या कामात पायातली ताकद गेलेली लवकर कळत नाही.

किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन उतरलं की घरचे खूश होतात. पण ते स्नायूंतूनच तयार होतं. स्नायू झडले तरी आकडा उतरतो. पोटरीही बारीक होत असेल तर सिस्टॅटिन सी (किडनीचीच रक्ततपासणी, पण स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली) तपासावं का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रथिनं मनाने तोडू नका, पावडरही मनाने सुरू करू नका. साधारणपणे डायलिसिस नसताना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅम आणि डायलिसिसवर १ ते १.२ ग्रॅम धरतात. तुमचं प्रमाण मात्र डॉक्टरच ठरवतील. खानापूरहून बेळगावला जा किंवा निपाणीहून कोल्हापूरला, वही सोबत न्या आणि डॉक्टर बदलले तर पहिल्या पानापासून दाखवा.