डीन्स्टप्लानमधली खालची ओळ

एफएसजे आणि बीएफडी, म्हणजे जर्मनीत साधारण वर्षभर करायच्या दोन प्रकारच्या स्वयंसेवा, यांच्यातला फरक, व्हिसाची कागदपत्रं, जर्मन किती यायला हवं, हे तुम्ही एव्हाना वाचून काढलं असणार. त्यात शिरत नाही. एवढंच सांगते, जागा मिळवून देण्याचे लाखभर रुपये मागणारा एजंट भेटला तर चहा पिऊन उठा. जर्मनीतल्या ट्रेगरकडे, म्हणजे स्वयंसेवकांची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेकडे, थेट अर्ज करता येतो. मी पैसे मोजले होते. आई अजून तो आकडा काढते.

मी एका लहान गावातल्या फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये, वर्षभर बीएफडी केलं. शिकवायला एक आनलायटरिन नेमून दिली होती. तिसऱ्या आठवड्यात ती लांबच्या आजारी रजेवर गेली आणि तिच्या जागी कोण, हे कुणी ठरवलंच नाही. मजल्याची प्रमुख एक सांगायची, ड्यूटी लावणारी दुसरंच. मला समजावून झालंय असं दोघींनाही वाटायचं. खरं शिकवलं ते स्वयंपाकघरातल्या एका बाईंनी. त्यांच्याकडे ना पद होतं ना वेळ.

आता पुढचं सावकाश वाचा, कारण मी इथेच फसले.

डीन्स्टप्लान, म्हणजे महिन्याचा ड्यूटीचा तक्ता, ऑफिसच्या दाराला लावलेला असायचा. वर पगारी कर्मचारी आणि अगदी तळाला, वेगळ्या ओळीत, आम्ही स्वयंसेवक. ती ओळ उगाच वेगळी नसते. २०११ मध्ये सक्तीची लष्करी भरती स्थगित झाली, तिच्या बदल्यात करायची नागरी सेवाही संपली, आणि त्या जागी बीएफडी आलं. पगारी माणसाच्या जागी स्वयंसेवक वापरायचा नाही, अशी त्यात अटच आहे. आपण जादाचे हात. आपण नसलो तरी मजला चालला पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात माझं नाव वरच्या यादीत गेलं. पेन्सिलीने.

मला काय वाटलं असेल? बढती! मी तक्त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी तीन अंगठे पाठवले.

नाव वर गेलं की तुम्ही मोजणीत येता. मग तुम्ही आजारी पडलात की मजल्यावर खड्डा पडतो. रजा मागितली की 'मग कोण येणार?' शनिवारी सकाळी सहाला फोन येतो, 'आइनश्प्रिंगन करशील का?' म्हणजे न आलेल्या कुणाच्या जागी ऐनवेळी उभं राहायचं. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. आपल्याकडे मोठ्यांना नाही म्हणायची सवय कुठे असते!

एकदा यूबरगाबे, म्हणजे पाळी बदलतानाची माहिती, चालू असताना मला कॉफी वाटायला पाठवलं. खोलीतल्या आजोबांना गिळायला त्रास होतो, आता पावडर घालून दाट केल्याशिवाय काही प्यायला द्यायचं नाही, हे त्या पंधरा मिनिटांत सांगितलं गेलं. मी साधा चहा दिला. त्यांना ठसका लागला आणि थांबेचना. नर्स धावत आली, आजोबा बरे झाले. मला कुणी ओरडलं नाही, आणि कुणी बसवून काही सांगितलंही नाही. तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून यूबरगाबेला बसायचंच. कॉफी थंड होऊ दे. औषध हातात दिलं तर परत द्या, ते आपलं काम नाही.

घाबरू नका, सगळीकडे असं नसतं. माझ्याबरोबरची एक मुलगी शेजारच्या गावात सुखात होती. वर्षाला २५ सेमिनारचे दिवस असतात. अशाच एका सेमिनारमध्ये तिने तिचा तक्ता दाखवला, तेव्हा मला कळलं. तोवर मी ट्रेगरला एकदाही फोन केला नव्हता, तक्रार केली की व्हिसा जाणार या भीतीने. तक्रारीने व्हिसा जात नाही. पण रागाच्या भरात आधी राजीनामा टाकू नका, कारण परवाना त्या कामासाठीच मिळालेला असतो. आधी ट्रेगर, मग परदेशी नागरिकांचं कार्यालय, मग जागाबदल. 'गप बस, एक वर्ष तर आहे' असा सल्ला देणाऱ्या दादांचं ऐकून मी तीन महिने वाया घालवले.

ट्रेगरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'तास लिहून ठेवलेस का?' त्याच संध्याकाळी वही घेतली. दोन आठवड्यांनी त्या येऊन गेल्या आणि माझं नाव खाली आलं. त्या दोन आठवड्यांतल्या जादा तासांची सुट्टी मिळाली. त्याआधीचे शनिवार पेन्सिलीतले होते. तक्ते बदलले गेले होते, आणि माझ्याकडे बाबांना पाठवलेला तो एकच फोटो होता.