अभिनंदन आणि सांत्वन, इंग्रजीतून

ऑफिसातली मंडळी इंग्रजी मेल पाठवण्याआधी माझ्या डोळ्याखालून घालतात. व्याकरण बहुतेकांचं ठीक असतं, चुकतं ते भावनेचं माप. म्हणून मी आधी विचारते, हा माणूस तुमचा कोण?

अभिनंदन तसं सोपं. 'काँग्रॅच्युलेशन्स'मधला शेवटचा 'स' गाळायचा नाही आणि पुढे 'ऑन' घ्यायचं: 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर प्रमोशन'. मैत्रिणीला 'आय ॲम थ्रिल्ड फॉर यू' छान, साहेबांना 'डिलाइटेड टू हिअर द न्यूज' पुरे. 'प्राउड ऑफ यू' मात्र जपून. धाकट्यांना किंवा अगदी जवळच्यांना ते शोभतं. साहेबांना लिहिलंत तर आपणच त्यांची पाठ थोपटल्यासारखं वाटतं.

सांत्वनाला जास्त वेळ द्या. 'शॉक्ड' अचानक गेलेल्या माणसासाठी. नव्वदीतल्या, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी तो खोटा वाटतो. तिथे 'सॅडन्ड' किंवा साधं 'सॉरी' बरं. 'डेव्हास्टेटेड' म्हणजे पार कोलमडून जाणं. सहकाऱ्याच्या वडिलांना तुम्ही कधी पाहिलंही नसेल, तर तो शब्द त्याच्या घरच्यांकडेच राहू द्या. 'आरआयपी' गेलेल्या माणसासाठी असतं, आणि मेल वाचणार असते त्याची मुलगी! 'सॅड डिमाइज' परिपत्रकातलं वाटतं. 'डेथ' लिहवत नसेल तर 'पासिंग' लिहा. 'ॲट लीस्ट'ने सुरू होणारं वाक्य मी न विचारता खोडते. 'ॲट लीस्ट ही डिडन्ट सफर' हे घरच्यांनी म्हणावं, आपण नाही. 'आय नो हाऊ यू फील'लाही तोच न्याय.

मी सहसा एवढंच सुचवते: 'आय वॉज सो सॉरी टू हिअर अबाउट युअर फादर. आय रिमेंबर हाऊ फाँडली यू स्पोक ऑफ हिम.' दुसरं वाक्य खरं असेल तरच बरं का. 'लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग' लिहिलं की काय हवं ते शोधायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात. त्यापेक्षा 'आय विल टेक युअर मंडे मीटिंग' लिहा, आणि खरोखर घ्या. शेवटी 'नो नीड टू रिप्लाय'. मेलच्या तळाशी आपोआप चिकटणारी 'चीअर्स'वाली सही तेवढी पाठवण्याआधी काढून टाका.