नाशिकहून बांकुड्याला: विष्णुपूर कसे पाहावे

पश्चिम बंगालमधील बांकुडा जिल्ह्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे, कारण उन्हाळ्यात तेथील लाल माती अक्षरशः तापते. नाशिक रोडहून नागपूरमार्गे जाणाऱ्या हावडा मेलने निघाल्यास थेट हावड्यापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. खरगपूरला उतरून आद्रा मार्गावरील गाडीने या जिल्ह्यातील विष्णुपूर हे मंदिरांचे गाव गाठता येते. मुक्काम तेथेच करावा.

सिन्नरच्या गोंदेश्वराचे काळ्या दगडातील शिल्प पाहत आलेल्या आपल्या डोळ्यांना विष्णुपूरची मंदिरे प्रथम अनोळखी वाटतात. चांगला दगड दुर्मीळ असल्यामुळे तेथे राज्य करणाऱ्या मल्ल राजांनी विटा आणि जांभा यांतून मंदिरे उभारली आणि भाजलेल्या मातीच्या फलकांवर रामायण, महाभारत व कृष्णलीला कोरून घेतल्या. आरंभ रासमंचापासून करावा. वीर हंबीर राजाने सुमारे 1600 मध्ये बांधलेल्या या वास्तूत रासोत्सवासाठी नगरातील राधाकृष्णाच्या मूर्ती आणल्या जात. त्यानंतर 1643 चे श्यामराय, 1655 चे जोडबांगला आणि 1694 चे मदनमोहन या क्रमाने जावे. जोडबांगल्याचे छप्पर बंगाली झोपडीच्या वाकलेल्या छपरावरून घेतले आहे. फलक सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावेत, कारण माथ्यावरच्या उन्हात त्यांचा उठाव हरवतो. एका भिंतीला अर्धा तास दिला, तरी तो वाया जात नाही.

दलमादल तोफेजवळ मराठी माणसाने अवश्य थांबावे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांच्या सैन्याने 1742 मध्ये बंगालवर स्वारी केली, तेव्हा मदनमोहन देवाने स्वतः ही तोफ डागून नगर राखले, अशी तेथील श्रद्धा आहे. या सैन्यातील बारगीरांना, म्हणजे घोडेस्वारांना, बंगाली लोक ‘बर्गी’ म्हणतात आणि त्यांची धास्ती तेथील अंगाईतही उतरली आहे. ही कथा कोणी सांगू लागल्यास वाद न घालता ऐकावी. आपल्या इतिहासाची ही दुसरी बाजू आहे आणि ती जाणून घेणे आपले कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा दिवस कारागिरांना द्यावा. येवल्याची पैठणी जाणणाऱ्यांनी बालुचरी साडीचा पदर हातमागावर विणला जात असताना पाहावा. त्यावर कथांमधील पात्रे रेशमात अवतरतात. सावंतवाडीच्या गंजिफांशी नाते सांगणारी 120 गोल पत्त्यांची दशावतारी गंजिफाही विष्णुपुरात रंगवली जाते. पांचमुडा गावातील कुंभार भाजलेल्या मातीच्या घोड्याचे भाग चाकावर वेगवेगळे घडवून जोडतात, तर कान आणि शेपूट निराळे करून नंतर बसवतात. म्हणून घोडा विकत घेतल्यावर ते काढून स्वतंत्र गुंडाळावेत आणि घोडा प्रवासात सामानाखाली न ठेवता स्वतःजवळ ठेवावा.