टी-बॅगचा चहा का बिघडतो? या चुका टाळा

टी-बॅगचा चहा पाणचट असतो, नाहीतर कडू तरी, असं म्हणणारे खूप लोक भेटतात आणि त्यांना चहा करताना बघितलं की कळतं, बॅगचा दोष फार थोडा असतो, खरा घोळ घाईचा असतो.

गरम पाणी ओतलं की काही सेकंदांतच बॅगेतून तपकिरी धारा खाली उतरायला लागतात, अर्ध्या मिनिटात कप मस्त लालसर दिसतो आणि माणूस तिथेच फसतो. रंग पटकन येतो हो, पण अंगात भरलेली चव यायला वेळ लागतो. माझा भाचा आला की कपात बॅग सोडतो, दोरा धरून दहा-बारा वेळा वरखाली करतो, मग चमच्याभोवती दोरा गुंडाळून बॅग अशी आवळतो की शेवटचा थेंब निघेपर्यंत सोडत नाही. आणि वर म्हणतो, मावशी, हा चहा तुरट का लागतो गं? अरे, आधी पातळ ठेवलास, मग पिळून त्यात बॅगेतला सगळ्यात जहाल अर्क आणि बारीक भुकटी घातलीस, तुरट नाही तर काय लागणार! त्या दिवशी मी त्याच खोक्यातली दुसरी बॅग घेतली, उकळतं पाणी ओतलं, कपावर बशी झाकली आणि चार मिनिटं त्याला हात लावू दिला नाही. बॅग अलगद उचलली, दोन थेंब निथळू दिले, संपलं. दोन्ही कप शेजारी ठेवून प्यायला दिले तेव्हा फरक मला सांगावा लागला नाही. काळ्या चहाला तीन ते पाच मिनिटं द्या, मी चार देते, मोबाईलवर टायमर लावूनच. अंदाजाने चार मिनिटं म्हणजे दीड मिनिट असतं हे मी खूपदा पाहिलंय.

जास्त कडक हवा असेल तर जास्त वेळ ठेवू नका, दुसरी बॅग घाला. वेळ वाढवला की कडकपणापेक्षा तुरटपणाच वाढतो.

दूध आधी आणि मग बॅग, हे तर अजिबात नको. गार दुधाने पाणी लगेच निवतं आणि निवलेल्या पाण्यात पत्ती खुलत नाही. आधी बॅग काढा, मग दूध. कपही आधी गरम पाण्याने विसळून घ्या, जाड मग असेल तर नक्कीच, कारण गार मग पाण्याची बरीच ऊब खातो.

ग्रीन टीचं मात्र उलट आहे. उकळतं पाणी ओतलं की तो कडूच होणार, मग लोक मध घालत बसतात. ७० ते ८० अंशांचं पाणी पुरतं. थर्मामीटर नसेल तर पाणी उकळल्यावर झाकण काढून पाचेक मिनिटं थांबा, आणि बॅग दोनच मिनिटं ठेवा.

चहावर तेलकट तवंग येतो, कडेला तपकिरी वळ राहतो? ते तेल नाही आणि चहा भेसळीचाही नाही, पाणी जड आहे. पाण्यातल्या कॅल्शियममुळे तो पापुद्रा धरतो. गाळलेलं पाणी वापरून बघा. बिनदुधाच्या चहात लिंबाचे दोन थेंब टाकले तरी तवंग जातो, रंगही उजळतो.

आता माझ्याच घरातली गोष्ट, कारण या चुकीने माझा पूर्ण महिना खाल्ला. चहाला एक विचित्र वास यायला लागला, फुलांसारखा पण नकोसा. मी पाणी बदललं, किटली लिंबू घालून उकळून काढली, दूध बदललं, शेवटी टी-बॅगचं खोकं बदललं आणि आठ दिवस चहा झकास झाला. मग परत तोच वास. खोकं ठेवायचा खण उघडून नाक आत घातलं तेव्हा उलगडा झाला, पलीकडच्या कप्प्यात अंगाच्या साबणाच्या वड्या होत्या आणि माझ्या बॅगा नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. चहाची पत्ती वास शोषून घेते, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा जॅस्मिन टी याच गुणावर बनतो, पत्ती ताज्या फुलांसोबत ठेवतात. आता खोकं फोडलं की बॅगा लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जातात, साबण, मसाला आणि गॅस तिन्हीपासून लांब. कमी चहा पिणाऱ्यांनी प्रत्येक बॅग वेगळ्या पाकिटात असलेलीच घ्यावी.

निवडताना एक काम करा, खोक्यावरचं वजन बॅगांच्या संख्येने भागा. साधारण दोन ग्रॅमची बॅग एका कपाला पुरते, दीड ग्रॅमची बॅग मोठ्या मगमध्ये टाकून पाणचट लागली तर कंपनीला बोल लावू नका. आत बारीक चुरा दिसला तर तो कचरा नाही, चहाच्या प्रतवारीत त्याला फॅनिंग्ज आणि डस्ट म्हणतात आणि बारीक असल्यामुळेच तो लवकर उतरतो. अख्ख्या पानाची बॅग हवी असेल तर पिरॅमिडसारखी घ्या, पानाला फुगायला जागा लागते, आणि वेळही थोडा जास्त द्या. दूध घालणाऱ्यांनी आसामकडे वळावं, दार्जिलिंग दुधात हरवतो आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

एकदम शंभराचं खोकं आणू नका. दोन-तीन छोटी पाकिटं आणा, सारखंच पाणी, सारखाच वेळ, दूध-साखर न घालता शेजारी शेजारी चाखा. चहा चाखण्याचं आयएसओ ३१०३ नावाचं प्रमाण आहे, त्यात १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं धरतात. रोज प्यायला ते फार कडक होईल, पण तुलनेला उत्तम, कारण चहातली खोट त्यात लपत नाही.

वापरलेली बॅग दुसऱ्या कपाला नको. पिनवाली बॅग मायक्रोवेव्हमध्ये नको. आणि ओली बॅग ठेवायला छोटी वाटी आधीच शेजारी घ्या, नाहीतर जागा शोधेपर्यंत ती कपातच पडून राहते आणि चाराची सात मिनिटं होतात.