मासे ठणठणीत, पालक पिवळा

अ‍ॅक्वापोनिक्स सुरू करून मला चार महिने झाले होते. माशांच्या टाकीतलं पाणी मातीशिवाय लावलेल्या भाजीला फिरवायचं, असा हा प्रकार. परसातल्या हजार लिटरच्या टाकीत ४० रूपचंद मासे होते. खाद्याचा डबा हातात दिसला की पाणी उसळायचं. आणि त्याच पाण्यावर, शेजारच्या खडीच्या वाफ्यात लावलेला पालक दिवसेंदिवस पिवळा पडत चालला होता. जुनी पानं बरी होती. नवं पान मात्र फुटायचं तेच पिकल्या लिंबासारखं, आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्यागार.

पान पिवळं म्हणजे नत्र कमी, असं मी धरून चालले. नत्र येणार माशांच्या विष्ठेतून, म्हणून खाद्य वाढवलं. आठ दिवसांत पाण्याला वास यायला लागला, अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चढला आणि पालक होता तसाच. मग घाबरून नायट्रेट मोजलं, तर लिटरला ६० मिलिग्रॅम. म्हणजे नत्राची रेलचेल होती आणि मी त्यातच भर घालत होते. दोन दिवस खाद्य बंद केलं, पाव टाकी पाणी बदललं, मासे वाचले.

त्याच आठवड्यात आबा परसात आले. त्यांची उभी हयात कृष्णाकाठच्या उसात गेली. वाफ्याजवळ उकिडवे बसले, एक पान उन्हाकडे धरलं आणि म्हणाले, "केवडा पडलाय की हा." (वेलवर्गीय पिकांतला केवडा म्हणजे बुरशीचा रोग, तो वेगळा. उसातला केवडा म्हणजे कोवळ्या पानांचं पिवळंपांढरं पडणं.) मी म्हटलं, आबा, हे पाण्यातलं आहे, इथे माती कुठाय? त्यावर ते म्हणाले, "चुनखडीच्या रानात केवडा पडतोच, पोरी. रानात लोह नसतंय असं न्हाई. उसाला ते उचलता येत न्हाई. तुझ्या पाण्यात चुनखडी कुठनं येतीय ते बघ."

नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये पान कमतरता दाखवतं तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा ते अन्नद्रव्य पाण्यात असतं, किंवा तुम्ही ओतलं तरी टिकत नसतं, कारण वाट अडलेली असते. वाट मोकळी न करता खत घालत राहिलं की पैसे जातात आणि मासेही जातात.

माझी चुनखडी सापडायला पाच मिनिटं लागली. वाफ्यात मी शोभेच्या कुंड्यांत घालतात ती पांढरी खडी भरली होती, दिसायला सुंदर म्हणून. त्यातला एक खडा वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकलं. खड्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले आणि फसफस सुरू झाली. संगमरवर! म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याआधीचे दोन आठवडे मी रोज थोडं थोडं फॉस्फोरिक आम्ल घालून पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, संध्याकाळी ७.४ वर आणायचे आणि सकाळी तो पुन्हा ८.२. खडी रोज रात्री विरघळत होती आणि आम्ल खाऊन टाकत होती. त्यात आमचं बोअरचं पाणी बायकार्बोनेटने जड. दख्खनच्या काळ्या पाषाणातलं भूजल बहुतेक ठिकाणी असंच असतं.

खडी एकदम बदलू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या खड्यांवरच थर धरून राहतात. सगळी खडी काढली तर टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. मी तीन आठवड्यांत, तिसरा हिस्सा करत, काळी खडी भरली. तीसुद्धा आधी व्हिनेगरला लावून बघितली, कारण काळ्या खडीतही कधी कधी पांढऱ्या शिरा असतात आणि त्या फसफसतात. टाकीत रोज घट पडते ती भरायला छपरावरचं साठवलेलं पावसाचं पाणी बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळायला लागले. आम्ल वापरायची वेळ आलीच तर ते या भरायच्या पाण्यात, वेगळ्या पिंपात मिसळते. माशांच्या टाकीत थेट कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, स्वस्त आणि घरगुती वाटतं, पण ते जिवाणूंना मारक आहे, ते टाळा. सामू दिवसाला ०.२ पेक्षा जास्त हलवू नका. आपल्याला गाठायचं आहे ते ६.८ ते ७. झाडांना याहून कमी आवडलं असतं, जिवाणूंना जास्त. हा मासे, झाडं आणि जिवाणू या तिघांमधला समझोता आहे.

आता लोहाबद्दल सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाला पहिली ठेच इथेच लागते. माशांच्या खाद्यात झाडाला पुरेल एवढं लोह नसतंच, त्यामुळे ते बाहेरून द्यावंच लागतं. पण कोणतं? आबा उसाला शेणखतात मुरवलेलं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घालतात. ते मातीत ठीक. टाकीत हिराकस टाकलं की काही तासांत त्याचा तांबूस गाळ होतो, मुळांवर आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. म्हणून चिलेटेड लोह घ्यायचं, म्हणजे लोहाला धरून ठेवणारा रेणू जोडलेलं. ईडीटीए, डीटीपीए, ईडीडीएचए ही अशाच रेणूंची नावं. कृषी सेवा केंद्रात 'चिलेटेड फेरस' मागितलं की बहुतेक ईडीटीएचा पुडा हातात देतात. सामू साडेसहाच्या पुढे गेला की ईडीटीएची पकड सुटते. डीटीपीए साधारण सातपर्यंत, थोडं वरही, टिकतं. ईडीडीएचए आठच्या वरही टिकतं. तेव्हा पुड्यावर 'चिलेटेड' एवढंच वाचून परतू नका, पुढची अक्षरं वाचा.

मात्रेचं गणित सोपं आहे. लिटरला २ मिलिग्रॅम लोह हवं. हजार लिटरला झालं २ ग्रॅम. ईडीडीएचएच्या पुड्यावर ६ टक्के लिहिलेलं असेल तर २ ग्रॅम लोहासाठी ३३ ग्रॅम पावडर, ११ टक्क्यांच्या डीटीपीएची १८ ग्रॅम. बादलीभर पाण्यात विरघळवून, निम्मी मात्रा आज आणि निम्मी तीन दिवसांनी. टाकीतल्या पाण्याचं माप नीट काढा. टाकीवर हजार लिटर लिहिलेलं असतं आणि आत सातशेच असतात. ईडीडीएचए घातलं की सगळी टाकी कोकमाच्या सरबतासारखी लाल होते. पहिल्यांदा माझं काळीज धडधडलं होतं, पण मासे तासाभराने नेहमीसारखे खायला वर आले. फक्त तो रंग उतरेपर्यंत थेंब टाकून रंग बघायच्या चाचण्या फसवतात, म्हणून नायट्रेट वगैरे आदल्या दिवशी मोजून ठेवा.

आठव्या दिवशी पालकाच्या मध्यातून जे पान वर आलं ते हिरवं होतं. करंगळीच्या नखाएवढं. आधी पिवळी पडलेली पानं पिवळीच राहिली, आणि त्यांच्याकडे बघून पुन्हा मात्रा घालायचा मोह होतो. तो आवरा. लोह एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही, त्यामुळे उपचाराचा निकाल नेहमी नव्या पानावर बघायचा.

निदानाची किल्लीही हीच आहे. काही अन्नद्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं: नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम. यांची टंचाई खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, मँगनीज, बोरॉन एकदा बसले की बसले, त्यांची टंचाई शेंड्याला दिसते. लोह आणि मॅग्नेशियम दोन्हींत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. नक्षी तीच, पान वेगळं. नुसत्या पानाचा फोटो जवळून काढून कुणाला दाखवलात तर जाणकारसुद्धा चुकेल. पान झाडावर कुठे होतं हे सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

आणि पान बघायच्या आधी रोप उपसून मूळ बघा. पांढरं, कुरकुरीत असेल तर पुढचा विचार करायचा. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारं असेल तर टंचाई पाण्यात नाही, मूळच गुदमरलंय. आमच्याकडे भारनियमनात पंप आठ-आठ तास बंद असायचा. तेव्हा वाफ्याच्या तळाला गाळ साचला होता आणि सगळी कोथिंबीर जांभळट, खुरटलेली झाली. बघणाऱ्याने स्फुरद कमी म्हटलं असतं. स्फुरद भरपूर होतं. गाळ काढला, बॅटरीवरचा हवेचा पंप बसवला, पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ठेवला, बाकी काही घातलं नाही.

खरोखरची टंचाई मला भेटली ती टोमॅटोत. जुन्या पानांच्या कडा करपल्या, देठ लेचेपेचे, फळ एका बाजूने लाल आणि खांद्याला हिरवंपिवळं. हा पालाश. माशाला पालाश फारसा लागत नाही, म्हणून खाद्यात तो कमी असतो, म्हणून पाण्यातही कमी. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं चालवलेल्या टाक्यांतही बाहेरून द्यावी लागणारी तीनच द्रव्यं ठरली होती: लोह, पालाश आणि कॅल्शियम. लोह ते दर तीन आठवड्यांनी द्यायचे. सामू खाली घसरला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून वापरून तो वर आणायचे, म्हणजे एका कामात दोन कामं. मी हायड्रॉक्साइडऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरते, हाताळायला सुरक्षित. खाण्याचा सोडा वापरू नका. त्यातलं सोडियम साचत जातं आणि पालाशच्याच वाटेत उभं राहतं. सामू आधीच वर असेल तर बायकार्बोनेटला जागा नाही. तेव्हा झिरो झिरो पन्नास, म्हणजे पोटॅशियम सल्फेटचं खत, लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. माझ्या टोमॅटोला दहा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या लागल्या. मात्र पालाश जास्त झाला की मॅग्नेशियम अडतं, आणि महिनाभराने जुन्या पानांत तीच हिरव्या शिरांची नक्षी उमटते. तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटची हलकी फवारणी. एकाला हात लावला की दुसरं हलतं, म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर थांबा.

कॅल्शियमचा माझा अनुभव आपल्या भागापुरताच धरा. आमच्या जड पाण्यात ते मुबलक आहे. तरीही जुलैत लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं जळली. झडीच्या हवेत पानातून पाणी उडत नाही, आणि कॅल्शियम त्या पाण्याबरोबरच वर चढतं. शेडनेटमध्ये दोन पंखे लावले, पुढची लावण स्वच्छ निघाली. चुना घातला असता तर सामू चढून लोहाची गाठ पुन्हा बसली असती.

सरसकट सगळंच फिकट, खालून पिवळं पडत वर चाललंय, आणि नायट्रेट १० च्याही खाली, तर ती नत्राची टंचाई. तिथे खाद्याचा हिशोब बघा. पालेभाजीला वाफ्याच्या दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य, फळभाजीला ५० ते ८०. मासे लहान आणि वाफे मोठे असतील तर वाफा अर्धा रिकामा ठेवणं हाच उपाय. नवीन टाकी असेल तर पहिले पाच-सहा आठवडे फिकटपणा येणारच, जिवाणू अजून वसायचे असतात.

एक गोष्ट हात जोडून सांगते. फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण, आपल्याकडे 'ग्रेड दोन' म्हणतात ते, टाकीत ओतू नका. त्यात तांबं आणि जस्त असतं. शेतात ते औषध आहे, माशाला विष. ओळखीतल्या एका मुलाने चांगल्या हेतूने एक झाकण ओतलं आणि सकाळी १२० मासे पालथे तरंगत होते. बोर्डो मिश्रण, कीटकनाशकं, यांचंही तेच. तुमच्या वाफ्यातून गळणारा प्रत्येक थेंब कुणाच्या तरी कल्ल्यातून जाणार आहे.

मला विचारायला येणार असाल तर तीन गोष्टी घेऊन या. त्या सकाळचा सामू आणि नायट्रेट. उपसलेल्या रोपाचा फोटो, मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खा, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवून. आणि वाफ्यातला एक खडा, व्हिनेगरला लावून बघायला.